खिडकीच खिडकीबाहेर फेकायची?

दमास्कसच्या तटाला एक खिडकी होती. शहराचा अधिकारी पकडायला टपून बसलेला, वेशींवर पहारा. तेव्हा संत पौलाला साथीदारांनी टोपलीत बसवलं आणि तटातल्या त्या खिडकीतून खाली सोडलं. ही हकिकत पौलाने स्वतःच करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगितली आहे. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिक भाषेत आणायला घेतलं, तेव्हा ही टोपली त्याच्याही वाटेत आली. ग्रीक मजकुरात खिडकीसाठी 'थुरिस' होतं, म्हणजे लहानसं दार. गॉथिकमध्ये त्याचं 'औगादौरो' झालं. औगो म्हणजे डोळा, दौरो म्हणजे दार.

जर्मन, इंग्रजी, डच, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक या सगळ्या एका कुळातल्या भाषा. या कुळाला जर्मानिक म्हणतात आणि गॉथिक ही त्यांची जुनी, आता नामशेष झालेली बहीण. हा डोळ्याच्या दाराचा शब्द एकट्या गॉथिकचा नव्हता. जुन्या जर्मनमध्ये 'औगातोरा' होता, जुन्या इंग्रजीत 'एआगदुरू' होता आणि जोडीला 'एआगथिर्ल', म्हणजे डोळ्याचं भोक, हाही होता. अस्सल कुळाचारातले शब्द. आज यांतला एकही या घराण्यात उरलेला नाही. त्या 'थिर्ल'चा अवशेष इंग्रजीत सापडतो तो नाकात: नाकपुडीला म्हणतात ते 'नॉस्ट्रिल' म्हणजे मुळात नाकाचं भोक. भिंतीतलं भोक मात्र परक्यांनी घेतलं.

हे सगळं आठवायचं कारण फेब्रुवारी. मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की फोनवर याद्या फिरू लागतात: हे शब्द फारसी, हे अरबी, हे पोर्तुगीज, हे इंग्रजी, हे वापरू नका, त्याऐवजी हे वापरा. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असते, याबद्दल मला शंका नाही. पण शब्द कुठून आला यावरून तो ठेवायचा की हाकलायचा हे ठरवू पाहणं मला मुळातच चुकीचं वाटतं, आणि जर्मानिक भाषांतली खिडकी हा त्याचा फार बोलका दाखला आहे.

खिडकीला आज जर्मन माणूस 'फेन्स्टर' म्हणतो. हा लॅटिन 'फेनेस्त्रा'. लॅटिनमध्येही तो बाहेरून आला असावा, बहुधा रोमच्या उत्तरेकडच्या इट्रुस्कन लोकांकडून, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. स्वीडिशमध्ये 'फॉन्स्टर' आहे. तोही लॅटिनच, पण हान्सा या व्यापारी संघाच्या उत्तर जर्मन बोलीतून आलेला. इंग्रजीतला 'विंडो' परकाच, फक्त उत्तरेकडचा. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात जे नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातले, लोक येऊन स्थायिक झाले, त्यांच्या 'विंदाउगा'चा तो अपभ्रंश. विंद म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द इंग्रजी लिखाणात दिसू लागतो, आणि पुढे सोळाव्या शतकापर्यंत फ्रेंचांकडून आलेला 'फेनेस्टर'ही त्याच्याबरोबर इंग्रजीत नांदत होता. दोन परके एका भिंतीत, घरधनी केव्हाच बाहेर! त्याच नॉर्स शब्दाने समुद्र ओलांडून आयर्लंड गाठलं. आयरिशमध्ये खिडकी म्हणजे 'फुन्योग'.

डॅनिश आणि नॉर्वेजियन लोकांनी 'विंदू' या रूपात तो नॉर्स शब्द सांभाळला. आइसलँडिकमध्ये रोजच्या वापरात 'ग्लुग्गी' आहे. आणि डच लोकांनी जुना 'फेन्स्टर' थोडा बाजूला सारून चौकटीला असलेला शब्दच खिडकीला लावला. त्याचा उच्चार चक्क 'राम' आहे. आपल्या रामाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. कुणी तसा निरोप व्हॉट्सॲपवर फिरवण्याआधी सांगून टाकलेलं बरं.

असं का झालं याचं उत्तर व्याकरणात नाही, भिंतीत आहे. जर्मनमध्ये भिंतीला दोन शब्द आहेत, 'वांड' आणि 'माउअर'. खोलीची भिंत ती वांड. दगडविटांचा भक्कम चिरेबंद बांध तो माउअर. वांड हा शब्द ज्या धातूचा, त्याचा अर्थ वळणं, विणणं. जुन्या जर्मानिक घरांची भिंत फोकांचं विणकाम करून त्यावर चिखल लिंपलेली असे. कोकणात कारवीचा, शेणामातीने सारवलेला कूड ज्यांनी पाहिला आहे त्यांना वांड म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. माउअर मात्र लॅटिन 'मुरुस'. ऱ्हाइन नदीच्या काठाने रोमन छावण्या आणि गावं उभी राहिली, तेव्हा शेजारच्या जर्मानिक टोळ्यांनी वीट, चुना, कौल यांची बांधकामं जवळून पाहिली, तिथे मजुरी केली, पुढे स्वतःही तशी घरं बांधली. वीट-कौलाला जर्मन शब्द 'त्सीगेल', लॅटिन 'तेगुला'पासून. चुन्याला 'काल्क', लॅटिन 'काल्क्स'पासून. तळघराला 'केलर', खोलीला 'कामर', फरसबंद रस्त्याला 'श्ट्रासे', सगळी लॅटिन घराण्यातली. फेन्स्टर या मिरवणुकीतला एक. जी वस्तू नव्या पद्धतीने बांधली, तिचं नाव गवंड्याच्या तोंडून आलं. विणलेल्या भिंतीचा शब्द मात्र आपल्या जागी राहिला, कारण ती विद्या घरचीच होती.

उत्तरेत रोमन पोचलेच नाहीत. तिथली घरं लांबट, बुटकी, मध्यभागी चूल पेटलेली, धूर जायला छपरात झरोका. काच नव्हती. भिंतीत किंवा छपरात जे भोक असे त्यातून उजेड यायचा तितकाच वाराही यायचा, म्हणून वाऱ्याचा डोळा. इथे बऱ्याच जणांचा तोल जातो. 'वाऱ्याचा डोळा' ऐकलं की व्हायकिंग लोकांच्या कविमनाबद्दल, निसर्गाशी असलेल्या त्यांच्या नात्याबद्दल भरभरून लिहिलं जातं. मला ती कल्पना आवडते, पण पटत नाही. नॉर्समध्ये डोळा हा शब्द साध्या भोकालाही चालायचा, जसे आपण नारळाचे डोळे म्हणतो. आणि वाऱ्यावरून खिडकीचं नाव ठेवायला व्हायकिंग असावं लागत नाही. स्पॅनिश 'व्हेंताना' लॅटिनमधल्या वाऱ्यापासूनच निघालेला आहे. संस्कृतात वातायन आहेच. डोळ्याचं म्हणाल तर रशियन 'अक्नो' हा स्लाव्ह लोकांच्या डोळ्यापासून आला, आणि आपल्याकडे गवाक्ष आहे, बैलाचा डोळा. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांना तेच सुचलं, कारण भिंतीतल्या भोकाकडे पाहून सुचण्यासारख्या गोष्टी मोजक्याच असतात: उजेड, वारा, डोळा, छोटं दार.

छोट्या दाराचीही एक गंमत. गोव्यात कोकणीत खिडकीला जनेल म्हणतात. हा पोर्तुगीजांचा 'जनेला', आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला दारवाचक शब्द आहे, म्हणजे पुन्हा लहानसं दार. आपली खिडकी प्राकृतातल्या 'खडक्की'पर्यंत मागे जाते, आणि तिथेही तिचा एक अर्थ लहान दार, आडदार असाच होता. पण माझा मुद्दा पुढचा आहे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या लॅटिनच्या सख्ख्या लेकी. त्यांनी खिडकीसाठी आईचा 'फेनेस्त्रा' शब्द सोडून दिला. पोर्तुगीजमध्ये त्याचा वंशज उरला आहे तो फटीला म्हणतात त्या 'फ्रेश्ता'च्या रूपात. आणि तोच शब्द दीड-दोन हजार वर्षं सांभाळला कुणी, तर लॅटिनशी सख्खं नातं नसलेल्या जर्मनांनी. आता हा शब्द कुणाचा म्हणायचा? ज्यांच्या घरात जन्मला त्यांतल्या दोघींनी टाकला, ज्यांच्या दारात आला त्यांनी वाढवला. आपल्या कुटुंबव्यवस्थेत अशा मुलाला दत्तक म्हणतात आणि त्याला वारसाहक्क पूर्ण असतो.

जर्मनांनाही हे पचायला वेळ लागला. १६१७ साली वायमारमध्ये काही सरदार-विद्वानांनी भाषा शुद्ध करण्यासाठी एक मंडळ काढलं. 'फलदायी मंडळ' असं काहीसं त्याचं नाव. पुढच्याच वर्षी, २३ मे १६१८ रोजी, प्रागच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या लेखनिकाला उचलून खिडकीबाहेर फेकलं. तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले मेरीमातेने झेललं, प्रोटेस्टंट म्हणाले शेणखताच्या ढिगावर पडले. त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं, जर्मन मुलूख बेचिराख झाला, आणि फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, स्वीडिश फौजांबरोबर त्यांच्या शब्दांचाही पूर आला. शुद्धीवाद्यांचा संताप या पार्श्वभूमीवर पाहिला तर समजण्यासारखा आहे. ज्यांचं गाव जळतं त्यांना पाहुण्या शब्दांचं कौतुक कसं वाटावं?

यांतला सर्वात उत्साही माणूस फिलिप फोन त्सेसेन (१६१९–१६८९). त्याने १६४३ मध्ये हांबुर्गला स्वतःचंच मंडळ काढलं आणि शब्द पाडायला सुरुवात केली. 'फेन्स्टर' परका म्हणून त्याच्या जागी 'टागेलॉइख्टर', म्हणजे साधारण दिवसाचा दीप, असा शब्द त्याच्या नावावर सांगितला जातो. जर्मन लोक आजही तो आठवून हसतात. मठाला 'कुमारिकांचा कोंडवाडा' अशा अर्थाचा शब्द त्याने सुचवला, त्यावरही हशा पिकला. पण त्सेसेनला नुसतं हसून सोडणं अन्यायाचं होईल. बोलीभाषेला आज जर्मन माणूस 'मुंडआर्ट' म्हणतो, उत्कट भावनेला 'लायडेनशाफ्ट', पत्त्याला 'आनश्रिफ्ट'. हे शब्द रुळवण्याचं श्रेय त्याच्याकडे जातं. म्हणजे एकाच टांकसाळीतून निघालेली काही नाणी चालली, काही खोटी ठरली.

कुठली चालली हे पाहण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन टपालखात्याचा प्रमुख हाइनरिश फोन श्टेफान याने टपालातले फ्रेंच शब्द काढून जर्मन घातले: नोंदणीचं पत्र, लिफाफा, अशा गोष्टींची नावं. रेल्वेत ओटो साराझिन या अधिकाऱ्याने फलाट, डबा, तिकीट यांना जर्मन शब्द दिले. ते टिकले. कारण पाटी खात्याचीच, तिकीट खात्याचंच. ते तिकीट ज्याला रोज हातात धरायचं त्याच्या तोंडी शब्द आपोआप बसला. शिवाय या वस्तू नव्या होत्या, फ्रेंच नाव अजून जिभेवर पक्कं झालेलं नव्हतं. खिडकी जुनी होती. आजीच्या तोंडचा शब्द कुठल्या मंडळाच्या ठरावाने जात नाही. आणि सरकारी जबरदस्तीचं म्हणाल तर नाझी राजवटीतही शुद्धीवाद्यांची निराशाच झाली. १९३३ मध्ये ज्यांनी नव्या सत्तेचं स्वागत केलं, त्यांच्या हाती १९४० च्या नोव्हेंबरात आलेला हुकूम असा होता की परक्या शब्दांचं ओढूनताणून जर्मनीकरण हिटलरला नको आहे. वंशशुद्धीच्या नावाने माणसं मारणाऱ्या राजवटीलाही शब्दांची वंशावळ तपासत बसणं परवडलं नाही.

आपल्याकडचा हिशोब याहून वेगळा नाही. शिवाजी महाराजांच्या काळात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. त्यांचे महापौर आणि दिग्दर्शक आज सर्रास वापरात आहेत, ते शब्द कुणी घडवले हेही लोकांच्या लक्षात नाही, आणि घडवलेल्या शब्दाला याहून मोठं यश नसतं. फाउंटन पेनाची 'झरणी' मात्र कुणाच्या खिशाला लागली नाही. कायद्याला त्यांनी 'निर्बंध' म्हटलं. कायदा हलला नाही, निर्बंधही राहिला, पण वेगळ्याच अर्थाने. नवं पद, नवी कला, नवी संस्था यांना नाव देणं हे एक काम, आणि ते जरूर करावं. चावी, बादली, पगार, परात यांना घराबाहेर काढणं हे दुसरं, आणि ते करू नये. पहिल्याला मी शब्दघडण म्हणेन. दुसऱ्याला शुद्धी म्हणतात, पण त्यात शुद्ध काय होतं ते मला कधी कळलेलं नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे आइसलँड. तीन-चार लाखांचा देश, पण संगणकाला स्वतःचा शब्द. तो 'टल्वा', १९६० च्या दशकात सिगुर्दुर नोर्दाल या विद्वानाने घडवलेला. 'संख्या' आणि 'भविष्य सांगणारी बाई' या दोन जुन्या शब्दांची ती जोड. त्याहून मला आवडतो पडद्याला असलेला 'स्क्याउर'. काच मिळत नव्हती तेव्हा आइसलँडच्या घरांत खिडकीच्या चौकटीवर जनावराचा पातळ पापुद्रा ताणून बसवत; बहुतेकदा गाईच्या वारेबरोबर येणारी अर्धपारदर्शक पिशवी धुऊन, वाळवून वापरलेली. तिच्यातून दिसत काही नसे, पिवळसर उजेड तेवढा झिरपायचा. त्या झरोक्याला स्क्याउर म्हणत. काच आली, पापुद्रे गेले, शब्द बेकार झाला. मग टीव्ही आला, संगणक आला, आणि उजेड फेकणाऱ्या त्या चौकोनाला लोकांनी हा रिकामा बसलेला शब्द दिला. असा शब्द घडवणाऱ्यांना दंडवत घालावा.

पण त्याच आइसलँडमध्ये देवळाला, शाळेला, पाद्र्याला असलेले शब्द परदेशीच आहेत आणि ते कुणी हलवलेले नाहीत. मोटारीला कागदोपत्री 'बिफ्रेइद' आहे, बोलताना सगळे 'बीत्ल' म्हणतात, म्हणजे ऑटोमोबिलचं शेपूट. आणि मुख्य गोष्ट अशी की इतका स्वच्छ शब्दसंग्रह असूनही आइसलँडची झोप उडालेली आहे. फोन इंग्रजी बोलतो, खेळ इंग्रजीत, मालिका इंग्रजीत, आणि मुलं आपापसात इंग्रजीत शिरतात. २०१९ पासून तिथल्या सरकारने पैसा ओतला तो यंत्रांना आइसलँडिक ऐकता, वाचता, बोलता यावी यासाठी. धोका कुठून आहे हे त्यांना बरोबर कळलं आहे.

याच घराण्यातल्या एका मेलेल्या भाषेची गोष्ट या बाबतीत सर्वात जास्त शिकवते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटं आहेत. तिथे नॉर्सची एक बोली चालायची, तिला नॉर्न म्हणतात. १४६८-६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ही बेटं स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवली आणि ती सोडवणं कधी झालंच नाही. कोर्ट, चर्च, जमिनीचे कागद, बाजार, सगळं हळूहळू स्कॉट्स भाषेत गेलं. कुणी नॉर्नवर बंदी घातली म्हणून ती मेली असं नाही. आईबापांनी मुलांशी ती बोलणं कमी केलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बोलणारे संपले. त्यानंतर, १८९३ मध्ये, फेरो बेटांवरचा याकोब याकोबसेन हा अभ्यासक शेटलंडला गेला आणि दोन वर्षं गावोगाव फिरून लोकांच्या स्कॉट्स बोलण्यात शिल्लक असलेले नॉर्न शब्द त्याने टिपून घेतले. किती सापडले? दहा हजारांच्या आसपास. माशांची, वाऱ्यांची, अवजारांची, मेंढ्यांच्या रंगछटांची नावं. दहा हजार अस्सल, कुळातले, निर्भेळ शब्द, आणि त्यांना जोडून एक वाक्य बोलणारा माणूस नाही.

तिकडे इंग्रजीने नॉर्सकडून खिडकी घेतली, अंडं घेतलं, सुरी घेतली, नवऱ्याला 'हजबंड' म्हणायला घेतलं, एवढंच काय 'ते' हे सर्वनामसुद्धा घेतलं. सर्वनाम उसनं घेणं म्हणजे अंगावरचा सदरा उसना घेणं. भाषा सहसा तिथवर जात नाहीत. नंतर फ्रेंचमधून हजारो शब्द घेतले. इतकी उसनवारी करून इंग्रजीचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत. अर्थात तिचा प्रसार साम्राज्याने केला, उसनवारीने नव्हे; पण उसनवारीने ती मेली नाही एवढं तर खरं?

त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या याद्या वाचताना मला नॉर्न आठवते. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यामागे निधी येईल, समित्या बसतील, कोश निघतील. त्या समित्यांनी 'कायदा' अरबी आहे का आणि 'जमीन' फारसी आहे का यावर एकही बैठक खर्च करू नये. शस्त्रक्रियेआधी नातेवाइकांकडून सही घेतात ते संमतीपत्र मराठीत आहे का, विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरातली कलमं मराठीत वाचायला मिळतात का, बारावीला विज्ञान मराठीतून शिकायचं म्हटलं तर पुस्तक आणि शिक्षक दोन्ही जिल्ह्याच्या गावी सापडतात का, याची यादी करावी. आणि त्या कागदांत 'रजिस्टर', 'रक्कम', 'हप्ता', 'वारस' असे वेगवेगळ्या कुळांचे शब्द शेजारी शेजारी आले, तर मुद्रितशोधकाने ते तसेच जाऊ द्यावेत.